डायरेक्टरची कात्री

आपल्या एकुलत्या एका चित्रपटातले एक दृश्य डायरेक्टर कधी पाहत नसत. उज्जैनमधल्या फ्रीगंजच्या टॉकीजमध्ये तो चित्रपट लागला की ते मागच्या दाराशी उभे राहत. बसायचा आग्रह झाला तरी बसत नसत. राम घाटाचे दृश्य जवळ आले की दार ढकलून बाहेर जात आणि ते संपल्यावर आत येत. परतण्याची वेळ कधी चुकली नाही.

मराठी मंडळी त्यांना डायरेक्टर म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरच्या एका कंपनीत त्यांनी हा चित्रपट केला. आतली दृश्ये तिथल्या स्टुडिओत झाली. घाटाचे दृश्य मात्र त्यांनी हट्टाने आपल्या गावी, उज्जैनला येऊन घेतले. पुढे कंपनी बुडाली, मूळ निगेटिव्ह गोदामाच्या आगीत गेली, आणि उरलेली एकमेव कापी पत्र्याच्या डब्यांत घेऊन ते गावी परतले. नंतर आयुष्यभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली.

गुढीपाडव्याला गुढी उभारून झाली की मराठी घरे टॉकीजकडे निघत. तो रिवाज कुणी पाडला हे सांगता येणार नाही. कथेसाठी येणारे थोडे. घाटाच्या दृश्यात अर्धी ओळखीची माणसे होती आणि लोक त्यांना पाहायला येत. 'ते बघ अण्णा', 'ती आपली माई', अशी कुजबुज अंधारात चाले. संस्थान विलीन झाले, मध्य भारत राज्य आले, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. पडद्यावरचा घाट तसाच राहिला. त्यातली माणसे मात्र एकेक करून गेली होती.

डायरेक्टर दर वर्षी पाडव्याआधी चित्रपट सुधारत. घरी टेबलावर पांढरी चादर अंथरून रीळ उलगडत, भिंगातून पाहत आणि कात्री चालवत. एका वर्षी एक गाणे गेले. दुसऱ्या वर्षी शेवट बदलला: आधी नायक घरी परत येई, आता दार बंद होताच चित्र संपे. त्या पाडव्याला दिवे लागल्यावरही बरेच लोक बसून राहिले. मागून एकाने विचारले, "डायरेक्टरसाहेब, तो परत येऊन राहिला होता ना? अटकला कुठे?"

"तो कधीच परत यायला नको होता," डायरेक्टर म्हणाले. "तेव्हा कंपनीच्या मालकाने आणवला. आता मी मालक आहे."

टॉकीजचे मॅनेजर इंदूरचे, बोलायला मोकळे. ते म्हणत, "सरकार भी आप ही की तरह है, साहब. हर बार नई कापी." डायरेक्टरांना हा विनोद आवडत नसे.

माझ्याशी त्यांचा वाद एकदाच झाला. मी तेव्हा वर्तमानपत्रात होतो. त्यांनी विचारले, "तुमच्या पेपरात चूक झाली तर काय करता?"

"दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो."

"मी तेच करतो."

"पण कालचा पेपर आम्ही लोकांच्या घरून परत आणत नाही."

 ते म्हणाले, "तुमचं बरं आहे. माझा कालचा आणि आजचा पेपर एकाच डब्यात आहे."

त्यांना सर्वांत सलणारी चूक घाटाच्या दृश्यात होती. चित्रीकरणाच्या दिवशी गर्दी आवरायला त्यांनी आपले शेजारी मास्तर यांना उभे केले होते. मास्तरांनी सगळ्यांना दटावून सांगितले, कॅमेऱ्याच्या मशीनकडे बघायचे नाही. कुणी बघितले नाही. पायऱ्या उतरताना खुद्द मास्तरच थांबले, मान वळवली आणि सरळ मशीनकडे पाहून किंचित हसले. फिल्म तेव्हा मोजकी मिळे, दृश्य दुसऱ्यांदा घेणे शक्य नव्हते. "अख्ख्या घाटात एक शहाणा, आणि त्यानेच बघितलं," हे वाक्य डायरेक्टरांच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलेले होते.

चित्रीकरणाच्याच वर्षी मास्तर विषमज्वराने गेले. त्यांचा फोटो कुणी काढलेला नव्हता. त्यांच्या पत्नी मास्तरीणबाई दर पाडव्याला पुढच्या बाकांवर येऊन बसत, घाट संपला की उठून घरी जात. बाकीच्या चित्रपटाशी त्यांचा संबंध नव्हता. डायरेक्टरांना हे ठाऊक होते. अनेक वर्षे त्यांची कात्री त्या जागेपाशी येऊन थांबली, आणि दृश्य चालू असताना ते बाहेर उभे राहिले, याचे कारण एवढेच.

छप्पन सालच्या पाडव्याला ते बाहेर गेले नाहीत. पडद्यावर घाट आला, माणसे उतरली, आणि मास्तर यायच्या जागी एकदम नदीचे पाणी दिसले. कुजबुज थांबली. मास्तरीणबाई मध्यंतरापर्यंत बसून राहिल्या. मग मागच्या दाराशी आल्या.

"भाऊजी, हे कुठे गेले?"

"वहिनी, तो मशीनकडे बघत होता. दृश्य बिघडत होतं."

"मग कुठे बघायचं होतं त्यांनी? मी तर समोरच बसते."

डायरेक्टर म्हणाले, "चित्र माझं आहे, वहिनी."

"असेल," बाई म्हणाल्या. "माणूस माझा आहे." आणि पदर सावरून निघून गेल्या.

मॅनेजरने त्या दिवशी विनोद केला नाही. "साहब, जो पब्लिक ने देख लिया, वो पब्लिक का हो गया," एवढेच ते म्हणाले.  कापलेला तुकडा डायरेक्टरांनी फेकला नव्हता, हे नंतर कळले.

त्या वर्षाअखेर राज्याची पुन्हा रचना झाली. मध्य भारत गेला, राजधानी भोपाळला गेली, आणि उज्जैनमधल्या कितीतरी घरांतले नोकरदार तिकडे निघाले. मास्तरांच्या मुलाची बदली त्यांतच झाली. पाडवा झाला की आईला घेऊन जायचे ठरले. बातमी डायरेक्टरांना भाजीबाजारात कळली. कळवणारा सांगत होता की त्यांनी पिशवी तिथेच ठेवली आणि घरी गेले.

फिल्म पुन्हा जोडायची तर दोन्ही टोके खरवडून चिकटवावी लागतात आणि प्रत्येक जोडाला थोडे चित्र खर्ची पडते. कापताना थोडे गेले होतेच. पहिला जोड टॉकीजच्या मशीनवर सुटला, तो पुन्हा करावा लागला, त्यात आणखी गेले. डायरेक्टरांच्या डोळ्यांनी आता तितकी साथ दिली नाही.

पाडव्याला मास्तरीणबाई आल्या. येणार नाहीत असे वाटत होते. मुलाने आग्रहाने आणले. घाट आला. मास्तर पायऱ्या उतरले, पडद्याला एक धक्का बसला, आणि मास्तर पाहत होते. मान वळताना दिसली नाही. हसू सुरू झाले आणि नदी आली.

बाई उठल्या आणि मागे आल्या. डायरेक्टर दाराबाहेर उभे होते.

"आले का?" त्यांनी विचारले.

"आले," बाई म्हणाल्या. "पण आता लवकर जातात."

डायरेक्टरांनी मान खाली घातली. बाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला, ते मोठे होते म्हणून, आणि टांग्यात जाऊन बसल्या. त्या पुन्हा उज्जैनला आल्या नाहीत.

डायरेक्टरांनी त्यानंतर फिल्मला कात्री लावली नाही. सुधारायच्या जागा ते तोंडाने सांगत, सवयीने, पण टेबलावर चादर अंथरली गेली नाही. पाडव्याची गर्दी कमी होत गेली. भोपाळ, इंदूर, पुणे, माणसे जिथे पोट होते तिथे गेली. कापीवर ओरखडे वाढले होते, गाण्यांचा आवाज खरखरत होता.

शेवटच्या खेळाला प्रेक्षक अगदी थोडे होते. घाटाचे दृश्य आले तेव्हा डायरेक्टर दाराशी नव्हते. पुढच्या बाकावर, बाई बसत त्या जागी, ते बसले होते. बाहेर आल्यावर मॅनेजरने विचारले, "आज बैठ गए, साहब?"

ते थकलेले दिसत होते. म्हणाले, "वो देखता है ना. सामने कोई तो होना चाहिए."