यपाक

विमानात वेळ जावा म्हणून बाबांच्या फोनवर मी पत्त्यांचा एक खेळ टाकून दिला. नेटशिवाय चालतो, फुकट आहे, पत्ते देखणे आहेत, एवढंच बघितलं. तो रशियन आहे हे मला कळलं ते बाबा इंग्लंडात, मिल्टन कीन्सला माझ्याकडे पोचल्यावर.

"मेंढीकोटच ना हा?" त्यांनी विचारलं.

"साधारण तसाच," मी ठोकून दिलं.

हिवाळ्यात बाबा मागच्या काचेच्या खोलीत बसत. तिथे वायफाय पोचत नाही आणि चहाच्या वेळेलाच अंधारतं. काचांवर वाफ, बाहेर सायकलवाटेवर धुकं, त्यांच्या हनुवटीवर पडद्याचा हिरवा उजेड. पत्ते आवाज न करता तरंगत येत. घरून काम असलं की मी मीटिंग म्यूट करून शेजारी टेकायचो. थोड्या वेळाने वाटायचं, बाबा, मी, हीटर, सगळेच पाण्याखाली आहोत आणि वरून कुणीतरी सावकाश पत्ते सोडतंय.

बाबा फॉर्मात होते. मशीनने पत्ता टाकला की हे उचलून घेत. मेंढीकोटात जितके हात, जितक्या मेंढ्या जास्त, तितका माणूस मोठा. डाव संपताना मशीनकडे एकही पत्ता नसे, बाबांच्या हातात पंखाभर. मग त्यांच्या चित्राखाली एक शब्द झळके. पहिलं अक्षर स्टुलासारखं, पुढची ओळखीची: वाय, पी, ए, के.

"काय लिहिलंय रे?"

"यपाक. म्हणजे शाब्बास असणार."

तेव्हापासून घरात यपाक सुरू झालं. भाजी जमली, यपाक. माझं अप्रेझल बरं गेलं, यपाक.

पण नुसतं यपाक होऊन माणसाचं भागत नाही. एका शनिवारी बाबा म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून दे. इथे बोलायला कोण आहे? हा फोन, तोही मुका."

"सोमवारी बघतो," मी म्हणालो. त्यांनी जाऊ नये असं फार वाटत होतं, पण आमच्याकडे असलं तोंडाने बोलत नाहीत. मी त्यांच्या चहात आलं जास्त घातलं.

रविवारी ते फिरायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. समोरच्या घरातल्या लिथुआनियाच्या बाई कुत्र्याला घेऊन बाकावर बसतात. त्यांना रशियन येतं हे मला ठाऊक होतं. त्याचा पत्त्यांशी संबंध जोडायला जे लागतं, ते माझ्या डोक्यात नव्हतं.

बाबा परतले. मफलरची घडी केली.

"तुझं यपाक म्हणजे काय, माहितीये?"

"शाब्बास?"

"मूर्ख. ती अक्षरं रशियन, वाचायची दुराक अशी. मी त्या बाईंना छातीवर हात ठेवून सांगितलं, आय ॲम यपाक, एव्हरी डे. त्यांना कळेना. मग फोन दाखवला. डोळे पुसून पुसून हसल्या."

"अरे बापरे."

"आणि पत्ते उचलायचे नसतातच. उचलले की मेलास. या खेळात कोणी जिंकतच नाही. शेवटी ज्याच्या हातात पत्ते उरले तो दुराक, संपलं. आणि तू म्हणे मेंढीकोट."

आता काही हे इथे राहत नाहीत, मला वाटलं. मी गुपचूप लॅपटॉप उघडला. "मग तिकीट बघू का?"

"कसलं तिकीट? उद्या त्या पत्त्यांचा खरा कॅट घेऊन येतायत. काचेच्या खोलीतला हीटर लवकर लाव. त्यांना एकदा यपाक केल्याशिवाय मी इथून हलत नाही."

दुसऱ्या दिवशी मीटिंग म्यूट करून मी दारातून पाहिलं. वाफाळलेल्या काचेपुढे दोन पांढरी डोकी, टेबलाखाली कुत्रा. बाबा मराठीत म्हणत होते, "उचला, उचला." त्या रशियनमध्ये बहुतेक तेच म्हणत होत्या. दोघांचं छान चाललं होतं.

बाबांचा फोन स्वयंपाकघरात पडला होता. मी एक डाव लावला. बाहेर धुकं उतरत होतं, पत्ते तरंगत येत राहिले, आणि शेवटी ते स्टुलासारखं अक्षर आलं. माझ्यासाठी. या वेळी मला तो शब्द नीट वाचता आला.