तिसऱ्या मजल्यावरचा मुका व्यापार

डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची इमारत आहे. तिथे तिसऱ्या मजल्यावर, माझ्या हॉलमध्ये, मी सातवीच्या मुलांचा इतिहासाचा क्लास घेते. त्या वर्षी मुलांच्या शाळेने नवीन पुस्तक लावलेलं. सातवाहनांपासून मराठ्यांपर्यंत मी डोळे मिटून शिकवत आलेले, पण ह्या पुस्तकात उमय्या होते, अब्बासी होते, ही अरब खलिफांची घराणी, आणि त्यांच्या मागून आफ्रिकेतली घाना नि माली ही राज्यं. मी आदल्या दिवशी वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी जन्मापासून माहीत असल्यासारखं सांगायचे.

उमय्यांची राजधानी दमास्कस आणि अब्बासींची बगदाद, हे कुणाच्या डोक्यात राहीना. शेवटी मी म्हटलं, "समजा बाबांच्या कंपनीचे मालक बदलले, आणि नव्या मालकांनी ऑफिस ठाण्याहून कल्याणला हलवलं. तसंच हे." मुलांना ते पटलं. इतकं पटलं, की चाचणीत एकाने लिहून ठेवलं, अब्बासी कल्याणला गेले.

मग घाना आलं. घानाच्या राज्याकडे सोनं होतं, मीठ नव्हतं. मीठ यायचं सहारा ओलांडून, उंटांवर लादून. आणि त्या भागातला व्यापार म्हणे असा चालायचा, की व्यापारी मिठाचे ढीग मांडून ठेवायचे, ढोल वाजवायचे आणि लांब जाऊन बसायचे. सोनंवाले यायचे, ढिगाशेजारी सोनं ठेवायचे आणि तेही निघून जायचे. व्यापाऱ्यांना सोनं कमी वाटलं, तर ते हात न लावता परत लांब जायचे. सोनंवाले येऊन आणखी सोनं ठेवायचे. एक शब्द न बोलता सौदा व्हायचा.

"म्हणजे अबोला असतानापण धंदा होतो?" दोन वेण्यांच्या एका मुलीने विचारलं. ही आईबरोबर बाजारात जाऊन घासाघीस शिकलेली, क्लासमधली सगळ्यात पक्की.

"होतो की," मी म्हटलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले. गॅस बंद करते तोच एका पालकांचा फोन आला, तो घेऊन मी मागच्या गॅलरीत गेले.

आता समोरच्या काकूंबद्दल सांगायला हवं. आमची आणि त्यांची दारं समोरासमोर. काकू देवगडकडच्या, काका निवृत्त झालेले. क्लासच्या चपला एकदा काकूंच्या रांगोळीवर गेल्या, त्यावरून शब्दाला शब्द वाढला, आणि तेव्हापासून आमचा अबोला. दूधवाल्याने चुकून त्यांची पिशवी माझ्या दाराला अडकवली, तरी मी ती गुपचूप त्यांच्या कडीला अडकवून यायचे आणि बेल वाजवून आत पळायचे.

फोन संपवून परत येते तर हॉल रिकामा. तेवढ्यात जिन्यात धडाम धडाम आवाज झाला. माझी परात आणि त्यावर माझाच डाव, हे मी आवाजावरून ओळखलं. दाराच्या भिंगाला डोळा लावला. समोरच्या उंबऱ्याबाहेर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर मिठाचा ढीग. माझा अख्खा पुडा ओतलेला. सहाऱ्यात पुडे नसतात, असा विचार केला असणार. मुलं कुठे दिसेनात. ती वरच्या जिन्यात दबा धरून बसलेली.

काकूंनी दार उघडलं. मीठ बघितलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"अहो, बाहेर या! कुणीतरी मीठ ओवाळून टाकलंय आपल्या दारात!"

काका बनियनवर आले. "कुणीतरी विसरलं असेल."

"मीठ कोण विसरतं हो? छत्री आहे का ती?"

मी दार उघडून सांगायला हवं होतं. पण उघडलं असतं तर पहिल्यांदा मी बोलले असं झालं असतं, आणि ते माझ्या जिवावर आलेलं. शिवाय मला हसू आवरत नव्हतं. मी ओढणी तोंडात धरली आणि बघत राहिले.

काकू आत गेल्या आणि लिंबू घेऊन आल्या. काहीतरी पुटपुटत त्यांनी ते मिठाशेजारी ठेवलं आणि दार लावून घेतलं.

वरून कुजबुज आली, "सोनं आलं, सोनं आलं!"

"एकच?" हा आवाज दोन वेण्यांचा. "एवढ्या मिठाला एक? भाव कम है. चला, मागे."

परत परात वाजली. काकूंनी फटीतून पाहिलं. मीठ तिथेच, लिंबू तिथेच. त्यांचा चेहरा उतरला. ह्या वेळी त्यांनी दुसरं लिंबू ठेवलं आणि मिरच्या.

"मिरच्या फ्री देतायत," वरून एक मुलगा म्हणाला. "घेऊया ना!"

"थांब रे. अजून देतील."

तिसऱ्यांदा परात वाजली तेव्हा काकूंनी आणखी एक लिंबू ठेवलं, पण दार लावलं नाही, नुसतं लोटून घेतलं. काकांना काठी देऊन दाराआड उभं केलं. मी कडी काढते आहे तोवर दोन वेण्या खाली आल्या, तिने लिंबं उचलली, आणि काकूंनी तिचं मनगट पकडलं.

"कोण गं तू? कुणी शिकवलं तुला हे?"

"टीचरनी," ती म्हणाली आणि माझ्या दाराकडे बोट दाखवलं. ते नेमकं त्याच क्षणी उघडलेलं. "काकू, हा मुका व्यापार आहे. तुम्ही घानाच्या आहात."

"मी घानाची? मी देवगडची!"

काकांनी काठी खाली ठेवली आणि ते पायरीवर बसून इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मग सगळी मुलं एकदम बोलायला लागली, सोनं, मीठ, उंट, ढोल. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलीला विचारलं, "विचार तुझ्या टीचरना, मिठासाठी सोनं देणारी माणसं वेडी होती का?"

"त्यांच्याकडे मीठच नव्हतं, काकू," मी म्हटलं. बोलून गेले तेव्हा लक्षात आलं, बोललेच की.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मग सौदा झाला ना? लिंबं पोरांची, मीठ माझं." त्यांनी वर्तमानपत्राची चारही टोकं धरली, मीठ उचललं आणि आत गेल्या. माझी त्या संध्याकाळची आमटी अळणी झाली.

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू झाला आणि काकू मटारची पिशवी घेऊन येऊन बसल्या. "चालू द्या तुमचं," म्हणाल्या. मी मालीच्या राज्याला सुरुवात केली. उंट पाण्याशिवाय कितीतरी दिवस चालतो, हे मी सांगितलं आणि मटार सोलणारा हात थांबला.

"शक्य नाही. आमच्या म्हशीला दुपारपर्यंत दम निघायचा नाही."

"काकू, म्हैस वेगळी, उंट वेगळा," मुलं म्हणाली.

"जनावर ते जनावर!"

मुलांनी पुस्तक दाखवलं, काकूंना ते मान्य नव्हतं. मुलांनी मोबाइलवर उंट दाखवला, काकू म्हणाल्या, हा आजारी दिसतो. हे असं आठवडाभर चाललं. शेवटी एका मुलाच्या आईचा फोन आला, "मॅडम, बाकीच्या क्लासमध्ये पुढचा धडा निम्मा झाला, आपण अजून सहाऱ्यातच?"

"आमच्या एका विद्यार्थिनीला उंट पटत नाहीये," मी म्हटलं. "तिच्याशिवाय पुढे कसं जायचं?"