डॉक्टरकाकूंचं देवदर्शन

अडचणीचा प्रश्न आला की डॉक्टरकाकू आधी चष्मा काढायच्या. ओढणीच्या टोकाने काचा पुसायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या, पुन्हा पुसायच्या. तेवढ्यात उत्तर तयार व्हायचं. ते पूर्णपणे खरं असायचं आणि त्यातून समोरच्याला काहीही कळायचं नाही.

"आपण होऊन सांगायचं नाही," त्या म्हणायच्या, "आणि विचारलं तर नाकारायचं नाही. एवढं पाळलं की माणूस सुखात राहतो, बापा."

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. यांना पकडायचं कुठे?

टोरंटोजवळ, रिचमंड हिलच्या आमच्या काँडोत त्या माझ्या समोरच्या घरात राहायच्या. मूळच्या नागपूरच्या. इथल्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ म्हणून सगळी हयात काढून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आमच्या बिल्डिंगचा नियम होता की बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत. एका जुलैत खालच्या ऑफिसातला मॅनेजर तक्रार घेऊन वर आला. बाल्कनीत कपडे वाळत घातलेत का, असं त्याने विचारलं. काकूंनी चष्मा पुसला आणि "नो" म्हणाल्या. तो गेल्यावर मी आत डोकावले. बाल्कनीभर जुनी साडी अंथरलेली होती.

"साडी कुठे वाळतेय?" काकू म्हणाल्या. "साडी कोरडीच आहे. वाळताहेत ते पापड."

त्यांचा एकुलता एक मुलगा तासाभरावर, ओकव्हिलला राहतो. पन्नाशीचा, इंजिनिअर, सरळ माणूस. आदल्या हिवाळ्यात काकू पार्किंगमध्ये बर्फावर घसरल्या आणि मनगट मोडलं. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायचा. काकू मराठीत बोलायच्या, तो इंग्रजीत. गाडी चालवणं त्याने बंद करवलं, एकटीने प्रवास बंद करवला, आणि शेवटी काँडो विकून ओकव्हिलला राहायला यायचं, हेही ठरवून घेतलं. जायचं येत्या मे महिन्यात. काकू हो म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला नाही, म्हणजे खरंच हो म्हणाल्या.

त्यानंतर आठवड्याभरात त्या माझ्या दारात उभ्या. मार्कहॅममधली माझी नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती आणि मी घरी बसून रोज कुठे ना कुठे अप्लाय करत होते.

"तुला वेळ आहे, मला पाय आहेत. एक गुडघा सोडला तर," त्या म्हणाल्या. "कंबोडियाला जायचं? ती जुनी राजधानी आहे ना, अंगकोर. देवळं बघू."

"मुलाला काय सांगणार?"

"त्याने विचारलं तर सांगीन."

त्याने विचारलं, पण चुकीचं. कोण बरोबर आहे? शेजारीण. गाडी कोण चालवणार? मी नाही चालवणार. कशाला जाताय? देवळं बघायला, तिकडे थंडी कमी आहे म्हणे. एवढ्यावर त्याने, इथली म्हातारी माणसं थंडीत जातात त्या फ्लोरिडाचं मनातल्या मनात चित्र काढलं आणि तो खूश झाला. सनस्क्रीन घे, असंही म्हणाला.

फेब्रुवारीच का, ते मला विमानात कळलं. हिवाळ्यात टोरंटो आणि कंबोडियात बरोबर बारा तासांचा फरक असतो. "घड्याळाला हात लावायचा नाही," काकू समाधानाने म्हणाल्या. "त्याचे संध्याकाळचे सात, आपले सकाळचे सात. किती वाजले विचारलं तरी सातच."

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या देवळात होतो जिथे प्रत्येक शिखरावर चारी दिशांना दगडी चेहरे आहेत, मिटल्या ओठांनी हसणारे. फोन वाजला.

"आई, व्हेअर आर यू?"

"देवळात."

"ओह, नाइस. इज इट क्राउडेड?"

काकूंनी वर बघितलं. "जिकडे बघावं तिकडे चेहरेच चेहरे आहेत रे."

"डिड यू गेट पार्किंग?"

"लांब मिळालं. बाहेर थांबलाय तो." बाहेर आमचा रिक्षावाला झाडाला हॅमॉक बांधून झोपला होता. मी खांबामागे जाऊन तोंडात रुमाल कोंबला.

त्याच्या पुढच्या सकाळी सगळ्यात मोठ्या देवळात जायचं होतं. सगळे टुरिस्ट पश्चिमेच्या मोठ्या रस्त्याने, भोवतीचा खंदक ओलांडून जातात. काकूंनी रिक्षा पूर्वेकडे घ्यायला लावली. तिकडे मातीची पायवाट, उंच झाडं, एक कोंबडी, बाकी कोणी नाही. समोरून जो डौल दिसतो तो इथून दिसत नाही. मी म्हटलं, "काकू, सगळं जग पुढून येतं. आपण मागून काहून?" त्यांच्याच बोलीत विचारलं की त्या खुलायच्या.

चालता चालता त्यांनी सांगितलं. भूल देताना त्या पेशंटला एखाद्या आवडत्या जागेचा विचार करायला सांगायच्या. बहुतेक जण तळ्याकाठची कॉटेज म्हणायचे. एकदा कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेली एक बाई टेबलावर होती. मोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, आमच्या गावाजवळ मोठं देऊळ आहे. तू जा. सकाळी जा, आणि मागच्या दाराने जा. पुढचं दार राजांचं. एवढं बोलून ती झोपली. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्याबरोबर तिने काकूंना विचारलं, "यू वेंट?"

"मी काय म्हणणार?" काकू म्हणाल्या. "हो म्हटलं असतं तर बिचारीला बरं वाटलं असतं. पण तिने सरळ विचारलं होतं. म्हटलं, अजून नाही. तर ती हसली. म्हणाली, ओके, टुमॉरो."

"आणि तो टुमॉरो आत्ता उजाडला?"

"मग नोकरी, पोरगं, घर. तुला काय सांगू? आणि आता मे महिना आलाच की."

पायवाट संपली. देवळाच्या मागच्या जोत्यावर, आलो त्या झाडांकडे तोंड करून काकू टेकल्या. दगड अजून गार होता. सात वाजले आणि फोन वाजला. मुलगा म्हणाला, मनगट बघू दे, व्हिडिओ लाव. काकूंनी निमूट लावला. हात वर करून मनगट दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवलं.

त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "आई, व्हॉट इज दॅट लाइट?"

फेब्रुवारीत संध्याकाळी सातला तिकडे मिट्ट काळोख असतो, आणि फ्लोरिडातही काही निराळं नसतं. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र झाडांतून येणारं लखलखीत ऊन पडलं होतं. त्यांचा हात चष्म्याकडे गेला. तिथेच थांबला.

"सूर्याचा उजेड आहे," त्या म्हणाल्या.

"व्हेअर आर यू?"

"कंबोडियात."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, कारण मी पाच पावलं मागे सरकले होते. पण काकूंनी फोन सरळ माझ्या हातात दिला. "तुझ्याशी बोलायचंय त्याला." त्याने मला विचारलं की मला थोडी तरी जबाबदारीची जाणीव आहे का. आईला काही झालं तर जवळ हॉस्पिटल कुठे आहे, हे मला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. मग त्याने पुन्हा आईला मागितलं आणि वर चढायचं नाही, असं बजावलं.

"मी चढणार आहे," काकू म्हणाल्या. "तू विचारलं असतंस तर आधीच सांगितलं असतं."

त्याने फोन ठेवला.

सगळ्यात वरच्या मजल्यावर जाणारा जिना शिडीसारखा उभा आहे. हृदयविकार असलेल्यांनी चढू नये, अशी तिथे पाटी आहे. रखवालदाराने काकूंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून खुणेने विचारलं. काकूंनी ठामपणे मान हलवली. नाही. ते खरंच होतं. गुडघ्याचं त्याने विचारलं नाही.

एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने मला धरून त्या चढल्या. दर थोड्या पायऱ्यांनी थांबून मागच्या लोकांना पुढे जायला सांगत. वर पूर्वेच्या खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. खाली झाडांत आमची पायवाट बारीक दिसत होती. बराच वेळ तिकडे बघून म्हणाल्या, "तिला कळवायला हवं होतं. पण तिचा पत्ता कुठे आहे?" मग कोपऱ्यात बसल्या आणि बसल्या बसल्या झोपून गेल्या. वर थांबायचा वेळ ठरलेला असतो. रखवालदार आला. मी ओठांवर बोट ठेवलं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि दुसरीकडे बघू लागला.

त्यानंतर सकाळी सातचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही. काकू सातच्या आधी आंघोळ करून फोन समोर ठेवून बसायच्या. चहा गार व्हायचा. एकदा त्यांनी स्वतः लावला, त्याने उचलला नाही. दिवसभर मग त्या देवळं बघायच्या, कोरीव अप्सरांच्या केशरचनांना नावं ठेवायच्या, पण मधेच मला विचारायच्या, "रागीट नव्हता गं लहानपणी. कोणावर गेला?" मी म्हटलं, "काकू, तो घाबरलाय." त्यांनी चष्मा पुसला नाही.

परतीच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याला मेसेज केला. कोणतं विमान, किती वाजता उतरणार, गुडघा सुजलाय, बाकी बरी आहे. कोणी विचारलं नसताना. पाठवायच्या आधी तो मला दोनदा वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "फार झालं का?"

मे महिन्यात त्या ठरल्याप्रमाणे ओकव्हिलला गेल्या. तिथे दोन हिवाळे काढले आणि तिसरा सुरू व्हायच्या आत, एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. माझ्या समोरच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. चांगली आहेत. विचारण्याआधीच सगळं सांगतात.

मला राहून राहून आठवतो तो विमानतळ. उष्ण देशात ओझं नको म्हणून आम्ही जड कोट आणि बूट घरीच ठेवून गेलो होतो. टॅक्सीपर्यंत पळत जाऊ, असं ठरलं होतं. बॅगा घेऊन बाहेर आलो तर समोर मुलगा उभा. एका हातावर काकूंचा लांब कोट. त्याच्याकडे किल्ली होती, म्हणजे आधी रिचमंड हिलला जाऊन तो घेऊन आला होता. दुसऱ्या हातात त्यांचे हिवाळी बूट. काकू काहीतरी बोलणार होत्या. त्याने कोट त्यांच्या खांद्यावर टाकला आणि सगळ्या गर्दीत गुडघ्यांवर बसला. सुजलेल्या पायाची चप्पल हळूच काढली, बूट चढवला, चेन वर ओढली. तोल जाऊ नये म्हणून काकूंनी हात त्याच्या डोक्यावर टेकवला. पिकायला लागलेले केस होते त्याचे.

वर न बघता तो म्हणाला, "दुसरा पाय."