लाल गाडीचं गाऱ्हाणं

ती लाल गाडी इतक्या वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दोन दारांची, बुटकी, शर्यतीत पळवतात त्या धर्तीची परदेशी गाडी. नवं शतक नुकतंच लागलं होतं. तेव्हा रत्नागिरीत अशी गाडी उभी राहिली की माणसं हातातली पिशवी खाली ठेवून बघत बसत. मी ग्रामीण भागातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो.

सकाळी दहाच्या सुमारास ठाणे अंमलदाराने एका माणसाला माझ्यासमोर आणून उभं केलं. मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीजवळ तो गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचा. बस म्हटलं तरी बसेना.

"सायेब, माज्या हातून पाप झालंय. हातखंब्याच्या गाड्यांच्या दलालानं माज्याकडनं दोन गाड्यांची एक करून घेतली. एकीचं तोंड चेपलेलं, दुसरीचं ढुंगाण. चांगलं तेवढं कापलं न् मधी वेल्डिंग मारलं. वर लांबी भरून सांदी बुजवल्या, रंग दिला."

"मग आज का आठवण झाली?"

"आज गिऱ्हाईक गाडी नेनार. काल बगायला आला व्हता. संगती बायको न् पाच-सा वर्सांची पोरगी. ती मागं बसून उड्या मारीत व्हती, सायेब. जोड तिच्या बुडाखालीच हाय. सपाटीला चालंल, पन घाटात, वळनाला, ब्रेक मारला तर नाय टिकायचा. रातभर झोप नाय मला."

त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. पण आपणहून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं, हे तोवर मला कळलं होतं. त्याला गिऱ्हाइकाबद्दल एवढंच ठाऊक होतं, की माणूस गुहागरकडचा आणि बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला. म्हणजे गाडी चिपळूणच्या दिशेने जाणार, असं मी धरून चाललो. त्या रस्त्यावर नाकाबंदीचा बिनतारी संदेश दिला, स्टेशन डायरीत नोंद करवली आणि जीप हातखंब्याकडे काढली.

गाडी पाऊण तासापूर्वीच गेली होती. दलाल इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आवारात खुर्ची टाकून बसला होता. खरं बोलणारा माणूस पोलीस बघितले की आधी दचकतो. हा आधी चहा मागवायला लागला.

"साहेब, गाडी ठणठणीत आहे. गिऱ्हाईक स्वतः इंजिनातला माणूस. दोन तास बॉनेटमध्ये डोकं घालून होता. ऑइल बोटावर चोळून बघितलं, धूर हुंगला, कान लावून इंजिन ऐकलं. त्याला कळत नाही, नि तुम्हाला कळतं?"

"त्याचं नाव, पत्ता, फोन नंबर?"

"कागद आरटीओच्या एजंटाकडे दिलेत. गुहागरकडचा, एवढंच आठवतं बघा."

आधी सभ्यपणे विचारलं, मग आवाज चढवून विचारलं. एजंट मुंबईला, त्याचा फोन लागत नाही, मला काही आठवत नाही, हीच टकळी. चिपळूणच्या रस्त्यावरूनही निरोप आला की लाल गाडी दिसली नाही. एक लहान मुलगी त्या जोडावर बसून कुठेतरी चालली होती, आणि हा माणूस मला साखर किती टाकू विचारत होता.

तेवढ्यात माझं लक्ष फाटकाकडे गेलं. आवाराचा म्हातारा रखवालदार नारळाची भकलं आणि चिरडलेली लिंबं गोळा करत होता. आमच्याकडे नारळ फोडून देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवी गाडी जागची हलत नाही. आणि गाऱ्हाणं मोघम घालून चालत नाही. कोण, कुठला, कुठे आणि कशासाठी निघालाय, हे सगळं देवाला नीट सांगावं लागतं.

"बाबा, आज गाऱ्हाणं कोणी घातलं?"

"मीच घालतो नेमी."

"काय घातलंत? जसंच्या तसं सांगा."

दलाल ताडकन उठला. "अहो, त्या म्हाताऱ्याला काय विचारता!" मी हवालदाराला खूण केली. त्याने दलालाला खांद्याला धरून खाली बसवलं.

म्हाताऱ्याने वहाणा काढल्या, हात जोडले आणि डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुजा लेकरू," इथे त्याने गिऱ्हाइकाचं नाव आणि वाडीसकट गाव सांगितलं, "नवी गाडी घिऊन, बायकापोरीसंगती, आंबा घाटानं कोल्हापूरला आंबाबाईच्या पायाशी चाललाय, तर वाटंत काय आडचन येव देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" माझा हवालदार गाऱ्हाण्याला होकार द्यायच्या सवयीने बोलून गेला.

"काय चुकलंमाकलं आसंल तर पदरात घे, न् गाडीचं मागलं आंग तेवढं सांबाळ रे म्हाराजा."

"मागलं अंग?" मी विचारलं.

"ह्या शेटांनीच सांगितलं तसं घालाया. कदी सांगत नायत, आज सांगितलं."

दलालाचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्याच्याकडे बघायला मला वेळ नव्हता. आंबा घाट! मी नाकाबंदी उत्तरेला लावून बसलो होतो आणि गाडी पूर्वेला गेली होती. त्याच्याच टेबलावरच्या फोनवरून मी घाटाखालच्या साखरपा पोलीस दूरक्षेत्राला फोन लावला. तिथला शिपाई म्हणाला, "साहेब, मी आताच आलो. गाडी गेली असली तर सांगता येणार नाही."

"रस्ता अडव. काय वाटेल ते कर."

तिथून साखरप्यापर्यंतचा तासभर माझ्या नोकरीतला सगळ्यात वाईट तास होता. डोंगरांमुळे वायरलेसवर नुसती खरखर. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता रस्त्याकडेला माणसं गोळा झालेली दिसणार.

साखरप्याला शिपायाने एक एसटी रस्त्यात आडवी लावून घेतली होती. प्रवासी ओरडत होते. एसटीच्या पलीकडे नाही, अलीकडे, ती लाल गाडी उभी होती. मुलगी टपरीसमोर बिस्किट खात होती. पालीला पेट्रोल भरायला ते थांबले नसते, तर गाडी घाटात असती.

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून पंचांसमक्ष मागच्या सीटखालचं मॅटिंग उचललं. जोडाला भेग पडली होती. निरीक्षकांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. गिऱ्हाईक ते बघून रस्त्याच्या कडेला जाऊन बसला.

"इंजिन चोख आहे हो, साहेब," तो म्हणाला. "बोटीवर आम्ही इंजिन बघतो. बाहेरचा पत्रा बघणारे वेगळे असतात." मग त्याने मुलीला मांडीवर ओढून घेतलं, ती कुरकुरली तरी सोडलं नाही.

संध्याकाळी म्हाताऱ्याचा जबाब घेताना रायटरने विचारलं, "साहेब, 'व्हय म्हाराजा' पण लिहू?" म्हटलं, लिही. पुढे दलालावर फसवणुकीचा खटला उभा राहिला, वेल्डिंगवाला साक्षीदार झाला. गाडीत दोष असल्याचं आपल्याला माहीतच नव्हतं, असा दलालाचा बचाव होता. त्या जबाबातलं 'मागलं अंग' त्याला नडलं.

कोठडीत मी त्याला विचारलं होतं, "गिऱ्हाइकापासून लपवलंस, ते देवाला कशाला सांगितलंस?"

"देवाशी कसं खोटं बोलणार, साहेब?"

"आणि त्या पोरीशी?"

मला त्याचा राग आला होता, पण खरं सांगायचं तर भीती जास्त वाटली. पोरीला काही होऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि तरीही त्याने गाडीची किल्ली तिच्या बापाच्या हातात दिली होती.

निवृत्तीनंतर कुणी जुनी गाडी बघायला बोलावलं तर मी जातो. इंजिन सगळ्यात शेवटी ऐकतो. आधी मागची सीट उचलतो, मॅटिंग काढतो. मग विकणाऱ्याला म्हणतो, "तुमच्या मुलांना मागे बसवा, आपण एक चक्कर मारून येऊ." आणि तो काय म्हणतो तिकडे लक्ष न देता त्याच्या तोंडाकडे बघत राहतो.