वेगळा कप

आम्ही दहिसरला चाळीत राहतो. आमचे हे, दशरथ घाडी, बोरीवलीच्या टॉवरांमध्ये लोकांचे डिशवॉशर दुरुस्त करतात. परवा तिथल्याच एका क्षमाबाईंच्या डिशवॉशरमध्ये पाणी तुंबलं होतं. ह्यांनी तळाची जाळी काढली, तर तिच्यात भात आणि माशाचे काटे आठवडाभर कुजत पडलेले. खरकटं न काढताच ताटं आत कोंबतात मेले! ह्यांनी सगळं हातानेच उपसलं. बाई नाक दाबून दाराशी उभ्या.

पाणी वाहून गेलं तेव्हा बाईंनी खूश होऊन चहा दिला. मशीन चालवून दाखवायचंच होतं, म्हणून ह्यांनी त्यांच्या भांड्यांसोबत आपला रिकामा कपही आत ठेवला. अर्ध्या तासाने दार उघडलं, तर सगळं लख्ख. तेवढ्यात बाईंना कप दिसला.

"अहो, हा कामवाल्यांचा कप! आम्ही तो बाहेर वेगळा धुतो. आता सगळी भांडी परत धुवायला लावा."

घरी येऊन हे हसतहसत सांगत होते. मला काही हसू येईना. त्यांचं कुजलेलं खरकटं ह्यांनी हाताने काढलेलं चालतं, आणि ह्यांचा धुतलेला कप त्यांच्या ताटांशेजारी चालत नाही!

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? परत बटण दाबलं."