जवसाचं तेल आणि काळी मोटार

कढईत जवस तडतडू लागला की त्याचा खमंग, किंचित कडसर, नाकात रेंगाळणारा दरवळ घरभर पसरतो, आणि दर वेळी मला चटणीच्या आधी मोटार आठवते! हसू नका. कुणाला पारिजातकाच्या गंधाने बालपण आठवत असेल, कुणाला चंदनाने देवघर. मला मात्र भाजत्या जवसाने एक गंजलेली, काळी, कापडी टपाची विलायती मोटार आठवते. गंध आणि स्मृती यांचे असे विजोड विवाह कोण जुळवून देतं, याचं कुतूहल माझं अजून फिटलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीनच वर्षं झाली असतील. मी लग्न होऊन देऊळघाटला आले होते. नवी सून म्हणजे डोक्यावर पदर आणि नजर जमिनीकडे. पण माझी नजर पहिल्याच आठवड्यात गोठ्यालगतच्या पडवीत जाऊन पोचली. तिथे बैलांच्या शेजारी ती मोटार उभी होती. मामंजींनी हौसेने घेतलेली, आणि ते वारल्यापासून बारा वर्षं जागची न हललेली. पत्र्याचे गंजून पापुद्रे सुटत होते, मागच्या गादीवर कोंबडी खुशाल अंडी घालत होती, आणि बॉनेटवर मात्र ताजं हळदकुंकू! जी चालत नाही तिला पुजायचं कशासाठी? आणि पुजतं तरी कोण? नसत्या चौकशा करायची मला उपजत खोड. त्यापायी आईची बोलणीही पुष्कळ खाल्ली आहेत. पुजणारा आमचा म्हातारा सालगडी सखारामबाबा आहे, हे शोधायला मला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

मामंजी शेवटच्या दुखण्यात त्याला एवढंच म्हणाले होते, "सखाराम, गाडीले जप." कसं जपायचं ते सांगायला त्यांना सवड मिळाली नाही, आणि विचारायचं धाडस बाबाला झालं नाही. थोरल्या भावजींना मात्र ती अडगळ डोळ्यांसमोर नको होती. "कापूस ठेवाले जागा नाही, अन् हे धूड काऊन सांभायाचं?" असं ते येता-जाता म्हणत. मी यजमानांच्या मागे टुमणं लावलं, की एकदा मिस्त्री तर आणून बघा! होय-नाही करता भावजींनी पोळ्यापर्यंतची मुदत दिली. तोवर चालली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाला तिला तोडून नेणार. बाबा तेव्हा बैलांपुढे कडबा टाकत होता. त्याने पेंढी तशीच खाली ठेवली आणि तो बाहेर निघून गेला.

बुलढाण्याहून गणपत मिस्त्री आला. त्याने इंजिनाचे प्लग काढले, आत डोकावला, बोट घालून पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. आत गंज नव्हता. मधासारखा पिवळा, डिंकासारखा घट्ट थर बसला होता. "हे कोनं पाजलं वो इले? एखाद्या वैऱ्यानं पाजलं का?"

पडवीच्या कोपऱ्यातून बाबाचा आवाज आला, "म्या पाजलं."

आमच्याकडे कामाचे दिवस आले की बैलाला बांबूच्या नळकांड्याने तेल पाजतात. त्याने अंगात ताकद येते, कांती चढते. मालक, म्हणजे मामंजी, प्लग काढून पुसतात, वर दोन थेंब तेल सोडतात, हे बाबाने पाहिलेलं होतं. तेवढ्या ज्ञानावर तो दर पोळ्याला बैलांचं पाजून झालं की त्याच नळकांड्याने मोटारीलाही जवसाचं तेल पाजत आला होता. सलग बारा वर्षं! आणि जवसाचं तेल वाळलं की लाखेसारखं धरतं, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगायचं?

त्या दिवशी बाबा जेवला नाही. मी भाकरी घेऊन गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्याच मारलं का वो इले, बाई? मालकाले आता काय तोंड दाखवू?" मला रडूच कोसळलं. माझ्या कुतूहलानेच त्याला उघडं पाडलं होतं ना! ती मोटार पडवीत निमूट गंजत राहिली असती, तर निदान आपण शब्द पाळला या समाधानात तो सुखाने मेला असता. सत्य शोधून काढण्याचा हव्यास एखाद्याचं आयुष्यभराचं पुण्य पुसून टाकतो, तेव्हा त्या सत्याचं करायचं तरी काय? मी भाकरी तिथेच ठेवली आणि घरात आले.

मिस्त्री मात्र चिवट. त्याने आत रॉकेल ओतून चार दिवस भिजू दिलं, मग इंजिनाचं झाकणच उतरवलं, आणि घासून घासून तो थर काढला. पाचव्या दिवशी दुपारी त्याने ओरडून सगळ्यांना बोलावलं. थराखालचं लोखंड नव्या भांड्यासारखं लखलखत होतं. बाबाला दंडाला धरून पुढे ओढत तो म्हणाला, "पाह्य, बाबा! बाहेरचा पत्रा गंजानं खाल्ला, पन आत कणभर गंज नाही. तुह्या तेलानं इले जाम करून ठेवलं, हे खरं. पन त्यानंच वाचवलं बी. कोरडी ठेवली असती तं आज मी हातच लावला नसता." बाबाने वाकून आत पाहिलं. कितीतरी वेळ तो वाकलेलाच होता, आणि त्याची पाठ हलत होती.

पोळ्याच्या दुपारी मिस्त्रीने हँडल मारलं. एकदा, दोनदा, दहादा! भावजी हाताची घडी घालून उभे. मग एकदम धडधड झाली, कोंबड्या ओरडत उडाल्या, बैलांनी कान टवकारले, आणि मागच्या नळीतून निळा धूर उसळला. आणि काय सांगू, त्या धुराला वास होता भाजत्या जवसाचा! बारा वर्षांचं तेल उरलंसुरलं जळत होतं, आणि सारा गोठा स्वयंपाकघरासारखा घमघमत होता.

बाबा गाडीत बसेना. त्याने बैलाचा कासरा आणून मोटारीला पुढून बांधला आणि टोक हातात धरून तो पोळ्याच्या तोरणाकडे चालू लागला. मागून मिस्त्री बैलाच्या चालीने मोटार आणत होता. तोरणाखाली नारळ कुणी फोडला असेल? भावजींनी! दुसऱ्या दिवशी आलेला भंगारवाला पुरणपोळी खाऊन रिकाम्या हाताने परत गेला.

आता बाबा नाही, मोटारही नाही. कुणी आपल्या परीने काही जपताना दिसलं की त्याची चूक दाखवायला माझी जीभ अजूनही शिवशिवते. आणि जवस भाजताना मला त्या इंजिनाचा आवाज आठवत नाही. आठवतो तो बाबाच्या हातातला सैल कासरा, आणि मोटार येतेय की नाही हे पाहायला तोरणापर्यंत एकदाही मागे न वळलेली त्याची मान.