माझ्या अक्षरातले अकरा कागद

"ही? ही आमच्याकडे माल कालवते. सिमेंट-वाळू."

अंधेरीच्या ऑफिसात, लायसनच्या टेबलासमोर, चार माणसांच्या देखत तो असं म्हणाला. माझ्याकडे न बघता. टेबलामागचा साहेब हसला. रांगेतले दोघं हसले. मी तिथेच उभी, हातात माझ्या अर्जाची फाइल. कानशिलं तापली. रडले तर आणखी हसतील म्हणून ओठ चावून धरला.

हा माणूस म्हणजे आमचा काका. रक्ताचा नाही. पार्ल्याचा बांधकाम कंत्राटदार, सरकारी लायसन त्याच्या नावावर. काका म्हणा, हे त्यानेच शिकवलेलं. पण त्याच्या घराचा उंबरठा मी कधी बघितला नाही. तो खाली गेटवर यायचा, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही घ्यायचा आणि वर निघून जायचा.

काम आमचं होतं. माझा बाप, आबा, गवंडी. सोलापूरकडून आलेला, घाटकोपरच्या डोंगरावर खोली. बारावी झाल्यावर मीही त्याच्याबरोबर साइटवर जायला लागले. बोरिवलीला बिल्डिंगचं बाहेरचं प्लास्टर, नाहूरला कंपाउंडची भिंत, मुलुंडला गच्चीचं वॉटरप्रूफिंग. माप आम्ही घ्यायचं, माणसं आम्ही लावायची. गच्ची झाली की आबा तिच्यावर आठवडाभर पाणी तुंबवून ठेवायचा. मी रोज खालच्या मजल्यावर जाऊन छताला तळहात लावायची, ओल येते का बघायला. आमची एक गच्ची गळली नाही. एक पण नाही.

बोर्ड मात्र काकाच्या नावाचा. "तुमचं आडनाव बोर्डावर लागलं ना, तर सोसायटीवाले तोंडावर गोड बोलतील आणि काम दुसऱ्याला देतील," असं तो म्हणायचा. आबा मान हलवायचा. लायसन एकाचं आणि घाम दुसऱ्याचा, हे मुंबईत सर्रास चालतं. कुणाला त्यात काही वाटत नाही. आम्हालाही वाटत नव्हतं, हेच तर वाईट आहे.

मग आबाचे गुडघे गेले. पालथ्या घमेल्यावर बसून काम दाखवायचा, उठताना भिंत धरायचा. मला वाटलं, आता आपलंच लायसन काढू. आबाच्या डोळ्यांदेखत एकदा तरी आपल्या नावावर काम लागू दे. लायसनला अनुभवाचा दाखला लागतो, केलेल्या कामाचा. मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी मला पत्र दिलं, काम ह्या बापलेकींनी केलं म्हणून. ते जोडून अर्ज टाकला. ऑफिसने खात्री करायला काकाला बोलावलं, कारण कागदोपत्री काम त्याचं.

तो पिशवी घेऊन आला. पिशवीतून अकरा कागद काढले आणि पत्ते मांडावेत तसे टेबलावर मांडले.

"सदर कामावर मी फक्त मजूर म्हणून हजर होतो. कामाची सर्व जबाबदारी व देखरेख ठेकेदारांची."

खाली आबाची वाकडीतिकडी सही. वरचं अक्षर माझं.

सातवीत होते मी, पहिला कागद लिहिला तेव्हा. प्रत्येक कामाच्या वेळी काका मजकूर सांगायचा, मी गेटजवळ उकिडवी बसून लिहायची. "काय मोत्यासारखं अक्षर आहे गं पोरीचं!" तो म्हणायचा. आबाची छाती फुगायची. मी तर दोन दिवस हवेत असायची. काय लिहितेय ते वाचत होते, कळत नव्हतं. नंतर कळत होतं, तरी लिहीत होते. सवय, दुसरं काय.

साहेबाने विचारलं, "अक्षर तुझंच ना?"

"हो."

"मग प्रश्नच मिटला."

बाईंचं पत्र त्याने वाचलंसुद्धा नाही. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. नुसता माझ्या नाही, बापाच्या पण.

जिन्यात काकाने गाठलं. आवाज एकदम मऊ. "राग मानू नकोस गं. धंद्यात बोलावं लागतं असं. मुलुंडला अजून एक गच्ची आलीय. नेहमीसारखा कागद लिहून दे, सोमवारी सुरू करा." खिशातलं पेन काढून त्याने पुढे केलं.

मी पेन घेतलं नाही. म्हटलं, "काका, पोटकंत्राट माझ्या नावाने लिहून द्या. काम आम्ही केलं असं त्यात लिहा, खाली तुमची सही. मग सोमवारी येते."

"पोटकंत्राट? तुला?" तो हसला. "आडनाव वाचून कोण गच्चीवर चढू देईल तुला?"

"तर मग नाही येत. आणि ह्यापुढे माझ्या हातचा एक कागद मिळणार नाही तुम्हाला."

पेन त्याच्या हातातच ठेवून मी जिना उतरले.

घरी आबाला सगळं सांगितलं. त्याने आपले सिमेंटने फाटलेले हात उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाला, "सही माझी हाय पोरी. तुझा काय दोष?" मला त्याचाच राग आला, खरं सांगते. तीस वर्षं ह्या माणसाने भिंती उभ्या केल्या आणि सरकारदरबारी त्याने एक वीटसुद्धा लावलेली नाही. मग त्याच्या गळ्यात पडून रडले. तो जेवला नाही त्या दिवशी. मीही नाही.

मुलुंडची ती नवी गच्ची दुसऱ्या कुणीतरी केली. आबा आता साइटवर येत नाही. त्याच्या अनुभवाचा दाखला आता कुणीच देणार नाही, आणि हे दुःख माझं जाणार नाही.

मी वस्तीतल्या मोऱ्या करते, ओटे करते, पत्र्याखालच्या भिंती करते. काम सुरू व्हायच्या आधी, हे काम मी करतेय असा कागद पुढे ठेवते. परवा एक बाई वैतागली, "एवढ्याशा मोरीला कागद कशाला गं?"

म्हटलं, "ताई, आधी सही करा. नाहीतर दुसरा गवंडी बघा."

तिने केली. ज्यांनी नाही केली, त्यांचं काम मी सोडलं. चूल थंड राहिली तरी सोडलं. लायसनवाल्यांनी जेवढे दाखले मागायचे तेवढे मागावेत. प्रत्येक कागदावर काम करणाऱ्याचं पूर्ण नाव असेल. आडनावासकट.